जुन्या पिकअपला नव्या गाडीची वायपर-दांडी : आधी बूड मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गगनबावड्याच्या बाजूला पहाटे दूध गोळा करणारी, नव्वदच्या दशकातली टाटाची २०७ पिकअप. मूळच्या वायपर-दांड्या गंजल्यात, ब्लेड काचेवर नुसतं लोळतं, पाणी निघत नाही. दुकानात मिळणारी नवी ब्लेडं जुन्या टोकाला बसत नाहीत. म्हणून मालकांनी जुन्या बाजारातून एका अलीकडच्या गाडीच्या दोन दांड्या आणल्या आणि नटाने आवळून बसवल्या. दोन दिवस बऱ्या चालल्या. तिसऱ्या दिवशी उजवी दांडी बुडात घसरायला लागली. नट घट्ट आहे, मोटर फिरतेय, स्पिंडल (दांडी ज्यावर बसते तो फिरता खुंट) फिरतंय, पण दांडी जागच्या जागी थरथरते. एक मिस्त्री म्हणतो वेल्डिंगचा टाका मार, दुसरा म्हणतो मधे पत्रा घाल. काय करावं, आणि अशा दांडीला पासिंगमध्ये अडचण येईल का?

दोन्ही करू नका. दांडीचं बूड, म्हणजे स्पिंडलवर बसणारा जाड भाग, बहुतेक गाड्यांत जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं ओतीव काम असतं. जस्ताचं असेल तर ते ४०० अंशांच्या आतच वितळतं. पोलादी स्पिंडलला टाका लागेपर्यंत बुडाचा लगदा होतो. बूड पोलादी निघालं आणि टाका लागला, तरी त्या उष्णतेने खालचं बुश (स्पिंडल ज्यात फिरतं ती नळी), रबरी रिंग आणि ग्रीस जळतं. पुढे कधी बुश बदलायचं म्हटलं की स्पिंडल कापूनच काढावं लागतं. पत्र्याचं तर विचारूच नका. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका असतो. स्पिंडलचे दाते त्याला पहिल्याच तासात कातरतात, आणि मग त्याचा चुरा आत रोलरसारखा फिरतो, उलट लवकर घसरतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी कामाला लागलो तेव्हा हा पत्र्याचा उपाय मीही केलाय. गाडी आठ दिवसांत परत दारात.

तुमची दांडी का घसरली ते आधी समजून घ्या, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे.

वायपरचं स्पिंडल वर निमुळतं असतं, त्यावर बारीक उभे दाते पाडलेले असतात आणि टोकाला नटाचे आटे. आपल्याकडे या सगळ्या जोडकामाला दुकानात ‘व्हीलबॉक्स’ म्हणतात. नाव जुन्या लुकासच्या पद्धतीचं, ज्यात मोटर एक लवचीक दातेरी तार पुढेमागे ओढायची आणि ती तार एका डबीतलं चाक फिरवायची. आता बहुतेक ठिकाणी मोटर आणि लिंक (मोटरचा फेरा स्पिंडलला पोचवणारी पट्टी) आली, चाक गेलं, पण नाव काही गेलं नाही. काउंटरवर ‘व्हीलबॉक्स’ मागितलात तरच पोरगा आत जाऊन योग्य खोकं आणतो.

तर दांडीच्या बुडातलं भोकही तितकंच निमुळतं लागतं. लोकांना वाटतं की दात्यात दाता अडकतो म्हणून दांडी फिरते. ते अर्धंच खरं. कित्येक नव्या दांड्यांचं भोक आतून चक्क गुळगुळीत असतं. नट पहिल्यांदा आवळला की कडक पोलादाचे दाते त्या मऊ ओतीव धातूत रुततात आणि स्वतःचे खाचे स्वतःच पाडतात. पाचर ठोकल्यासारखं ते काम आहे. पकड येते ती निमुळतेपणाच्या दाबाने, दाते फक्त साथ देतात. आणि म्हणूनच जुन्या बाजारातली दांडी ही कोरी नसते. तिच्यात आधीच्या गाडीच्या दात्यांचे खाचे पडलेले असतात. तुमच्या स्पिंडलचे दाते संख्येने वेगळे असतील तर काही दाते खाचेत बसतात, काही उंचवट्यावर चढतात, आणि दोन दिवस ओढाताण झाली की उंचवटे झिजून भोक गुळगुळीत होतं.

दुसरं कारण जास्त फसवं आहे आणि माझा संशय तुमच्या बाबतीत त्यावरच आहे. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते, तुमच्या गाडीचे नव्हेत. समजा स्पिंडलचा निमुळता भाग १० मिमी उंच आहे, वरचा व्यास ८ मिमी आणि खालचा ९.५ मिमी. म्हणजे दर मिलिमीटर उंचीला व्यास ०.१५ मिमीने वाढतो. आता आणलेल्या दांडीचं भोक फक्त ०.३ मिमीने मोठं आहे. डोळ्याला हा फरक दिसतही नाही. पण ०.३ ला ०.१५ ने भागा, दांडी तब्बल २ मिमी जास्त खाली बसणार. खाली बसली की स्पिंडलचा निमुळता भाग बुडाच्या वरच्या तोंडाशी येतो किंवा बाहेर डोकावतो. मग नट आवळता तेव्हा तो दांडीला दाबत नाही, स्पिंडलच्या खांद्याला, म्हणजे निमुळता भाग संपून आटे सुरू होतात तिथे, जाऊन टेकतो. पाना म्हणतो घट्ट झालं, हाताला कळतं घट्ट झालं, आणि दांडी आत मोकळीच.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. नट काढा, दांडी हाताने दाबून बसवा आणि वरून बघा. निमुळता भाग बुडाच्या वरच्या तोंडापासून किमान १ मिमी आत राहिला पाहिजे. बरोबरीत किंवा वर दिसला तर चोर सापडला. दुसरी खूण : स्पिंडल पुसून कोरडं करा, परमनंट मार्करने काळं करा, दांडी दाबून किंचित हलवा आणि काढा. शाई वरपासून खालपर्यंत सारखी घासली गेली असेल तर उतार जुळतोय. फक्त वर किंवा फक्त खाली घासली असेल तर उतारच वेगळा, त्या दांडीचा नाद सोडा. उतार जुळतोय पण नट खांद्याला टेकतोय, एवढंच असेल तर कधी कधी एका जाड वॉशरवर काम भागतं. त्याचं भोक स्पिंडलच्या खांद्यापेक्षा मोठं आणि बाहेरचा व्यास नटाला पुरेल इतका हवा. मात्र ही गोष्ट भोक झिजायच्या आत करायची. तुमच्या उजव्या दांडीचं भोक आता झिजलंय, तिला वॉशर लावून उपयोग नाही. डावीला लावून बघा.

दाते मोजायचे असतील तर स्पिंडलला थोडं ग्रीस आणि काजळी लावा, कागदाची पट्टी भोवती एक फेरा गुंडाळून दाबा, उलगडा आणि रेघा मोजा. भोकाच्या आतला ठसा घ्यायला मी घट्ट मळलेली कणीक वापरतो. पोरं हसतात. हसू देत.

आता खरा सवाल : नवी दांडी हवीच आहे का? तुमच्या तक्रारी दोन आहेत, दाब नाही आणि ब्लेड मिळत नाही. दोन्हींचं मूळ दांडीत असेलच असं नाही. ‘स्प्रिंग ढिली झाली’ असं म्हणून माझ्याकडे आलेल्या दांड्यांपैकी निम्म्यांहून जास्त दांड्यांची स्प्रिंग ठणठणीत असते. गंजलेला असतो तो सांधा, जिथे दांडी बिजागरीसारखी वर उचलली जाते तिथला. तो जाम झाला की स्प्रिंगचा सगळा जोर गंजाशी भांडण्यात जातो, काचेपर्यंत काही पोचत नाही. दांडी उचलून सोडा. चटकन काचेकडे आली तर स्प्रिंग ठीक, सुस्तपणे आली किंवा मधेच थांबली तर सांधा जाम. दांडी काढून सांध्यात पातळ गंजतेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पन्नास-साठ वेळा उघडझाप करा, काळं पाणी पुसा, पुन्हा तेल. स्वयंपाकघरातलं गोडं तेल नको, ते चिकटा धरतं. अशी एक दांडी मी काट्यावर लावली होती : आधी २५० ग्रॅम, तेल-मालिश झाल्यावर ५००. खर्च म्हणाल तर एक चहा.

ब्लेडचंही तसंच. आज दुकानात मिळणारी बहुतेक ब्लेडं आकड्यासारख्या वळवलेल्या टोकासाठी असतात. हा आकडा ९ मिमी रुंद आणि ३ किंवा ४ मिमी जाड पट्टीचा. जुन्या गाड्यांच्या दांड्यांची टोकं सरळ सपाट, नाहीतर बाजूला पिन असलेली. पुष्कळ ब्लेडांच्या पाकिटात प्लास्टिकचे दोन-तीन जोड येतात आणि त्यातला एक सपाट टोकाला किंवा पिनेला बसतो. लोक पाकीट फोडतात, आकड्याचा जोड ब्लेडला आधीच लावलेला असतो तो बघतात आणि बाकीचे फेकून देतात. आधी ते जोड लावून पाहा. सांधा मोकळा झाला आणि जोड बसला तर हे पुढचं सगळं तुमच्या कामाचं नाही, आणि मला त्यात आनंदच आहे.

नाहीच जमलं तर तीन वाटा आहेत.

पहिली : स्पिंडलसकट बदल. ज्या गाडीची दांडी, त्याच गाडीचं स्पिंडल जुन्या व्हीलबॉक्सच्या जागी बसवायचं. ऐकायला स्वच्छ वाटतं. प्रत्यक्षात कवटीतल्या (काचेखालच्या पत्र्यातल्या) भोकाचा व्यास, खालच्या लिंकच्या हाताची लांबी आणि त्याचा कोन हे तिन्ही जुळावं लागतं. खालचा हात ५ मिमी लांब-आखूड झाला तरी काचेवरचा फेरा बदलतो. इथे एक गैरसमज काढून टाकतो. ही पिकअप १९८८ साली टाटामोबाइल म्हणून आली, आणि त्याच घराण्यातून पुढे १९९१ ला सिएरा, १९९२ ला इस्टेट आणि १९९४ ला सुमो निघाली. म्हणून बाजारात सरसकट सांगतात, ‘सुमोचं घ्या, डोळे झाकून बसतं.’ भावंडं असली तरी चपलेचं माप एक असेलच असं नाही. स्पिंडल, भोक आणि लिंक मोजल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि तुमची जुनी दांडी सोबत घेऊनच बाजारात जा.

दुसरी : बुडात बुश घालणं. नव्या दांडीचं भोक मोठं असेल तर ते लेथवर सरळ गोल करून घ्यायचं, त्यात पोलादी बुश दाबून बसवायचं आणि बुशाच्या आत तुमच्या स्पिंडलच्या उताराचं भोक काढायचं. चांगला टर्नर हे तासाभरात करतो, पण बुडाची भिंत पातळ असली तर दाबताना तडकते. भिंत चारही बाजूंनी ३ मिमी तरी उरत नसेल तर मी हात लावत नाही. शिवाय पोलादी बुशात स्पिंडलचे दाते रुतत नाहीत, सगळी पकड उतारावर येते, म्हणून उतार अगदी तंतोतंत लागतो. पितळ जरा बरं. ही वाट मी क्वचितच घेतो.

तिसरी, आणि तुमच्यासाठी मी हीच सुचवेन : कलम. जुन्या दांडीचं बूड, सांधा आणि स्प्रिंग ठेवायची, कारण ते तुमच्या स्पिंडलशी जन्मापासून जुळलेलं आहे. फक्त पुढची पट्टी नव्या दांडीची घ्यायची, आकड्यासकट. जुनी पट्टी सांध्याच्या पन्हळीबाहेर ६०-७० मिमी सोडून कापा. नवी पट्टी तिच्यावर ५० मिमी चढवा. ४ मिमीची दोन भोकं, मधलं अंतर ३० मिमी, त्यात पोलादी रिव्हेट किंवा नायलॉनच्या रिंगचे लॉकनट लावलेले एम ४ चे बोल्ट. एका बोल्टवर भागवू नका, पट्टी त्याच्याभोवती कात्रीसारखी फिरते. वेल्डिंग इथेही टाळा, स्प्रिंग जवळ आहे आणि तापली की तिचा पीळ जातो. बोल्टची डोकी काचेच्या बाजूला येऊ देऊ नका. शेवटी मॅट काळा रंग. चकचकीत दांडी समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड रात्री सरळ तुमच्या डोळ्यात टाकते.

कापण्याआधी एक माप कागदावर लिहून ठेवा : स्पिंडलच्या मध्यापासून ब्लेड अडकतं त्या सांध्यापर्यंतचं अंतर. कलम झाल्यावर ते जुन्याइतकंच आलं पाहिजे. इथे पोरं मोहात पडतात. नवी पट्टी लांब आहे, राहू दे, जास्त काच पुसली जाईल. हिशेब करून बघू. जुनी दांडी ३५ सेंमी आणि ब्लेड ४० सेंमी, म्हणजे १६ इंची. ब्लेड मधोमध धरलेलं, तर त्याचं बाहेरचं टोक स्पिंडलपासून ५५ सेंमीवर फिरतं. फेरा ९० अंशांचा धरला तर ते टोक साधारण ८६ सेंमीची कमान कापतं. दांडी ५ सेंमीने वाढवलीत की टोक ६० सेंमीवर जातं आणि कमान ९४ सेंमी होते. मोटरचा वेळ तोच, अंतर ८ सेंमी जास्त. हे टोक काचेच्या वरच्या रबरावर चढणार किंवा दारालगतच्या खांबाला टकटक करणार. आणि मोटरवरचा पीळ दांडीच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो, ३५ चे ४० झाले की १४ टक्के.

त्यात दाबही वाढला तर? नव्या गाड्यांना ड्रायव्हरच्या बाजूला २४ इंची ब्लेड सर्रास असतं. ब्लेडच्या दर सेंटीमीटरला साधारण १२ ते १५ ग्रॅम दाब लागतो, हा ठोकताळा आम्ही धरतो. ६० सेंमीच्या ब्लेडला ७०० ते ९०० ग्रॅम झाले. तुमच्या ४० सेंमीच्या ब्लेडला ४८० ते ६०० पुरे. मोठ्या गाडीची दांडी स्प्रिंगसकट आणलीत तर ५०० च्या जागी ७०० ग्रॅम सहज येतात, म्हणजे ४० टक्के जास्त. वरचे १४ टक्के त्यात मिळवा, किंबहुना गुणा : १.४ गुणिले १.१४, साधारण १.६. तीस वर्षांच्या मोटरवर ६० टक्के जादा ओझं. धो धो पावसात ती ओढेलही, कारण पाणी वंगणाचं काम करतं. मोटर दमते ती पाऊस थांबता थांबता, काच अर्धी ओली अर्धी कोरडी असताना. तेव्हा रबर काचेला चिकटून ओढलं जातं. फ्यूज उडतो तो त्याच वेळी, किंवा लिंकच्या टोकाचं प्लास्टिकचं बुश निसटतं. घाटात धुकं असेल, पाऊस नुसता भुरभुरता असेल, तर हीच अवस्था तासभर टिकते.

दाब मोजायला भाजीवाल्याचा लटकता काटा किंवा सामान तोलायचा छोटा डिजिटल काटा चालतो. दांडीला ब्लेड लावून काचेवर ठेवा, काट्याचा हूक ब्लेडच्या सांध्यापाशी अडकवा, काचेला अगदी काटकोनात ओढा आणि रबर काचेवरून सुटतं त्या क्षणी आकडा वाचा. तिरकं ओढलंत तर आकडा खोटा येतो. तीनदा मोजा. दाब जास्त निघाला तर स्प्रिंग ताणून ढिली करू नका, ती एका बाजूने मरते. स्प्रिंग आणि पट्टीच्या मधे एक हूक असतो, तो ३-४ मिमीने लांब केला की दाब नीट उतरतो. कमी निघाला तर रबरबँड बांधायची पद्धत आहे. एका पहाटेपुरती ठीक आहे ती.

ब्लेड कुठलं घ्यायचं? तुमच्या गाडीची काच आजच्या गाड्यांच्या मानाने बरीच सपाट आहे. ती नवी, बिनसांगाड्याची, एकसंध पाठीची ब्लेडं आतल्या पोलादी पट्टीला मुळात बाक देऊन बनवलेली असतात, वाकड्या काचेवर ती सरळ होत बसावीत म्हणून. सपाट काचेवर दाब थोडा कमी पडला की त्यांची दोन्ही टोकं काच घट्ट धरतात आणि मधे पाण्याची पट्टी सुटते, बरोबर ड्रायव्हरच्या नजरेसमोर. दिसायला रुबाबदार, पण या गाडीला जुन्या धर्तीचं सांगाड्याचं ब्लेडच मी घालतो. १६ इंची होतं तर १६ इंचीच.

आता एक बारीक गोष्ट, जी बहुतेक जण सोडून देतात. रबराची कड काचेवर घासताना उलट्या दिशेला झुकलेली असते आणि प्रत्येक फेऱ्याच्या टोकाला पलटी मारते. ती पलटायला दांडीचं टोक काचेला समांतर हवं. कलम करताना पट्टीला एखाद-दोन अंशांचा पीळ बसला तर रबर एकाच बाजूला पडून राहतं : जाताना स्वच्छ पुसतं, येताना थडथड नाचतं. ही थडथड ऐकली की लोक नवं ब्लेड आणतात, मग काचेला शाम्पू लावतात, मग मोटर उघडतात. ब्लेड काढा, दांडी फेऱ्याच्या मध्यावर आणा आणि टोकाच्या पट्टीची कड बाजूने बघा. काचेशी फट एका बाजूला जास्त दिसली तर दोन पाने लावून पट्टी हलकेच पिळा. काचेवर असताना पिळू नका, दांडी काढून पिळा. आणि दांडी उभी असताना काचेवर दुमडलेलं गोणपाट टाकून ठेवा. एकदा ब्लेड नसलेली दांडी माझ्या हातून निसटली आणि काचेच्या मधोमध चांदणी उमटली. त्या दिवशीची मजुरी काचेवाल्याकडे गेली.

दोन दांड्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. डाव्या-उजव्याची वाक वेगळी असू शकते. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे जोडीने एकाच दिशेला फिरणाऱ्या वायपरची टोकं थांबताना साधारण डावीकडे निजतात. परदेशातून आलेल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीची दांडी ही आरशातली असते. बसते, फिरते, पण पुसते भलतीकडचं.

बसवण्याचा क्रम : जुना नट सोडवल्यावर दांडी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, स्पिंडल वाकतं आणि बुश कायमचं गळायला लागतं. छोटा दोन पायांचा पुलर वापरा. तो नसेल तर नट दोन आटे ढिला ठेवून दांडी बुडाशी डावी-उजवी हलवत सोडवा. स्पिंडलचे दाते तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. जुन्या बुडाच्या धातूची भुकटी त्यात भरलेली असते, नव्या बुडाची पकड तीच खाते. ग्रीस लावू नका. मग दांड्या न बसवताच मोटर चालू करा, बटण बंद करा आणि मोटर आपल्या थांब्यावर येऊ द्या. दांडी बसवायची ती यानंतर. थांबा सापडण्याआधी बसवली तर पहिल्याच फेऱ्यात ती बॉनेटवर आपटते. बुडाचं भोक कोरं असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण एकदा दाते रुतले की जागा बदलायची मुभा नाही. म्हणून आधी नट बोटाने लावून, काच भरपूर ओली करून, हळू वेगात दोन-तीन फेरे बघा, जागा पक्की करा, मग आवळा.

आवळायचं किती? एम ८ च्या नटाला १५ ते २० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर छोट्या पान्याच्या टोकाला एका हाताचा बेताचा जोर. पान्याला पाइप लावू नका. ओल्या काचेवर पन्नासेक फेरे झाले की पुन्हा एकदा आवळून बघा, बहुधा पाव फेरा आणखी जातो. धातू रुतून बसल्याची ती खूण.

जागा तपासताना दोन गोष्टी. जोरात आणि ओल्या काचेवर वायपर हळू वेगापेक्षा जास्त लांब जातो, कारण लिंक थोडी लवते आणि पाण्यावर ब्लेड पुढे सरकतं. त्यामुळे हळू चालवताना काचेच्या कडेच्या रबरापासून दोन बोटं, म्हणजे २०-२५ मिमी, मोकळी ठेवा. आणि बॉनेट उघडून बघा. नव्या दांड्यांचं बूड उंच असतं, बॉनेटची मागची कड त्याला घासते. कलम केलंत तर ही कटकट नाही, बूड जुनंच आहे.

ॲम्पिअर मोजायचा चिमटा मीटर कुणाकडे असेल तर मोटरच्या तारेवर लावून जुन्या आणि नव्या दांडीचा आकडा ओल्या काचेवर मोजा. पाव भागाने वाढला तर दाब किंवा लांबी कुठेतरी चुकलीय. जास्त अँपिअरचा फ्यूज घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे. मग वायर जळते.

पासिंगचंही विचारलंत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १०१व्या नियमात पुढच्या काचेला नीट चालणारा, यांत्रिक जोरावर फिरणारा वायपर हवा असं आहे. दांडी कुठल्या गाडीची यापेक्षा ड्रायव्हरसमोरची काच स्वच्छ पुसली जाते का, हे मला महत्त्वाचं वाटतं. तासून-घासून केलेलं कलम दिसायलाही नीट असावं, म्हणून काळ्या रंगाचा आग्रह.

तुम्ही आता काय करायचं ते सांगतो. जुन्या काढलेल्या दोन्ही दांड्या फेकल्या नसाल तर आज रात्रीच सांध्यात तेल सोडा. उद्या काट्यावर लावा. ४८० ग्रॅमच्या वर आल्या तर टोकाला जोड लावून भागतंय का बघा. नाहीतर बाजारातून आणलेल्या दांड्यांच्या पट्ट्या कलमासाठी वापरा, पैसे वाया जाणार नाहीत. जुन्या फेकल्या असतील तर मात्र स्पिंडलचं माप घेऊन कोरी दांडी शोधावी लागेल, आणि त्यात चार दिवस जातील. तोवर डाव्या बाजूची चालू दांडी काढून उजवीकडे लावायचा विचार करत असाल तर भोकातले खाचे आणि वाक बघून करा. जमत असेल तर लावा. दुधाच्या फेरीला ड्रायव्हरसमोरची काच आधी, शेजारी बसलेला कॅन धरून बसला तरी चालतं.